परत करायची दुर्बीण

मुलगा पाणथळीवर पक्ष्यांचा रखवालदार होता. वडिलांचं सलून. एकुलत्या एका पोरानं ते सोडून पाखरांपायी चिखल तुडवावा, हे त्यांच्या कधी पचनी पडलं नाही. "खुर्चीतलं गिऱ्हाईक सोडून उडत्याच्या मागे लागलाय," असं ते आल्यागेल्याला सांगत. मुलगाही हसायचा. पण "एकदा येऊन तर बघा" म्हणाला, की वडील कात्री पुसत बसायचे.

थंडी पडायच्या आत तापाचं निमित्त झालं आणि मुलगा गेला.

ऑफिसची दुर्बीण घरीच राहिली होती. ती परत द्यायला सून निघाली, तेव्हा सासरे चपला घालून दारात उभे राहिले.

मुलाच्या जागी एक मुलगी नव्यानं रुजू झाली होती. ती त्यांना उंच गवतातून एका लाकडी आडोशापाशी घेऊन गेली. फटीतून पाणी दिसत होतं, त्यावर दूरवर काळे ठिपके.

"आत्ताच आलेत, फार लांबून," ती म्हणाली.

सासऱ्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसतंय का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"सगळं धुरकट आहे."

"ही कडी फिरवा. ज्याच्या त्याच्या डोळ्यांप्रमाणे लावावी लागते. ह्यांनी आपल्या नजरेला लावली असेल."

त्यांचं बोट कडीवर गेलं आणि थांबलं.

"राहू दे."

"अहो, पण मग दिसणार कसं?"

"त्याला दिसत होतं ना. राहू दे."

मग सुनेनंच फटीला डोळा लावला आणि अलीकडच्या काठाजवळचं सांगू लागली. बदकं शेपट्या वर करून बुड्या मारताहेत. काठावर तांबूस जोडी आहे. एक चोच पंखात खुपसून झोपलंय. सासरे हुंकार देत राहिले. दुर्बिणीखालून गालांवर पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

ऑफिसात त्यांनी दुर्बीण त्या मुलीच्या हाती दिली. तिनं खिडकीबाहेर रोखून सहज कडी फिरवली. सुनेनं सासऱ्यांचा दंड धरला.

"नीट दिसतंय का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा, लख्ख."

"बरं झालं."

फाटकाबाहेर मात्र ते थांबले. सुनेनं त्यांना कठड्यावर बसवलं आणि स्वतःही शेजारी टेकली. पहिली बस आली तशी निघून गेली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.