काय बी शोधा, वर भानाबुवाच!

कळंबच्या शिवारात भानाबुवाच्या शेडपुढं फटफट्या लावायला जागा उरली न्हवती. पार माळेगावपासनं माणसं आलती. बुवाचा चेला ओरडत हुता, "काढा मोबाईल! बागायतदार कट्टा उघडा, रोग लिहा, आन् बघा चमत्कार!"

कट्टा म्हंजे इंटरनेटवरचा शेतकऱ्यांचा पार. कुणी इचारायचं, कुणी सांगायचं. कुणी 'तेल्या' शोधलं, कुणी झाड वाळवणारी 'मर', कुणी 'म्हशीचा ताप'. समद्यांना सगळ्यात वर एकच पोस्ट: 'भानाबुवाच्या अंगाऱ्यानं बरं झालं!'

"उघडा, वाचा!" चेला गरजला. समद्यांनी उघडली.

बुवा डोळं मिटून म्हणाला, "लेकरांनो, माणूस पोटासाठी खोटं बोलतो. मशीनला पोटच न्हाय, ती कशापायी खोटं बोलंल?"

रांगेत धोंडाबाईबी हुती. तिच्या डाळिंबावर तेल्या आलता, फळं डागाळून तडकत हुती. माल गेला तर वरीस गेलं. आता गंमत ऐका. ती पोस्ट लिहिली हुती खुद्द धोंडाबाईनं! दुपारची झोप लागंना, म्हणून ठोकून दिली: बुवानं अंगारा फुंकला, तेल्या गेला, मर गेली, म्हशीचा ताप उतरला, जावेचं गुडघं पळाया लागलं. एक रोग म्हणून सोडला न्हाय. पण एवढी माणसं बघून तिला वाटलं, आपल्या हातनं चुकून खरं लिहिलं गेलं असंल!

"आत्या, तुमी हितं?" सून हुडकत आली. प्रगती बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, आन् कट्टाबी तीच सांभाळायची.

"हळू बोल, नंबर जाईल."

"थाप तुमची, आन् रांगेत तुमीच?"

"थाप माझी, पण वर तर मशीननं चढवली न्हवं?"

प्रगतीनं कपाळावर हात मारला. तितंच मोबाईलवर नवी पोस्ट लिहिली आन् शेडपुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. "मंडळी, कट्ट्यावर 'आमचा कोंबडा' शोधा. आरवला की तेल्या, मर, ताप, समदं बरं होतं. उघडा. परत परत उघडा!"

माणसं हौशी. उघडत सुटली.

"आता 'तेल्या' शोधा."

सगळ्यात वर कोंबडा!

"मग आता कोंबड्याला नारळ फोडायचा का?" मागनं कुणीतरी बोललं, आन् हशा पिकला.

"शोधायच्या पेटीला रोग कळत न्हाय," प्रगती म्हणाली. "शब्द जुळला की पोस्ट उचलती, आन् जी जास्त उघडली ती वर ठेवती. समदे रोग आत्यांनी कोंबले. उघडायचं काम बुवानं तुमच्याकडनंच करून घेतलं."

बुवाला नेमकी तवाच समाधी लागली.

"मग खरं औषध कुठं हाय?" धोंडाबाईचा आवाज बारीक झाला.

"पार तळाला. आपल्यासारख्याच डाळिंबवाल्या सोपानतात्यांनी फोटोसकट लिहिलंय: डागाळलेली फळं तोडून बागेबाहेर जाळा, मग मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारा."

"एवढं खाली कोण मरायला जातंय!"

"म्हणून बदलणार हाय. ज्यांनी करून बघितलं, आधीचा आन् नंतरचा फोटो लावला, ती उत्तरं वर. थापांना येगळा कोपरा."

"कोपरा मोठा ठेव बाई."

सांजच्याला धोंडाबाईनं फळं तोडाया घेतली. पहिला डाग दिसला तवाच तोडली असती तर पाटीवर भागलं असतं. आता ट्रॉली भरली. अर्धी बाग वाचली, अर्धी बांधापल्याड जळत हुती. बघायला आलेल्या बायकांना ती म्हणाली, "बायांनो, कुणी म्हणालं हे सगळ्यात वर हाय, तर आधी इचारा, वर चढवलं कुणी? करून कुणी बघितलं? मी न्हाय इचारलं. आन् चढवणारी तर मीच हुते!"