ओपुनाकेचा एक खेळाडू

क्लाइव्ह टिपेटनं बायकोच्या टॅब्लेटच्या पाठीला हात लावून पाहिला. गार होता. पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. ताप येऊन गेलेल्या माणसाचं अंगही गारच लागतं.

गुरुवार होता आणि दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मागच्या खोलीत, क्लाइव्हच्या संगणकावर, ४४१७ क्रमांकाचा खेळाडू दोनच्या ठोक्याला उगवला होता आणि इमानेइतबारे हरत होता.

"काय शोधतोयस?" मागच्या दारातून रेविन म्हणाली. तिच्या हातात टोमॅटोंची बादली होती.

"चष्मा."

"डोळ्यांवर आहे."

गावातलं वर्तमानपत्र बंद पडलं, तेव्हा त्याचा क्रीडा संपादक क्लाइव्ह घरी बसला. आणि बसल्या बसल्या त्यानं ऑनलाइन कॅसिनोंची परीक्षणं लिहायचा धंदा काढला. वाचक त्याच्या लिंकवरून कॅसिनोत जात, हरत, आणि हरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा क्लाइव्हला येई. अशा माणसाला धंद्यात अ‍ॅफिलिएट म्हणतात. क्लाइव्ह स्वतःला वाटाड्या म्हणे. रेविन त्याला आडत्या म्हणे.

मग नवा कायदा आला. कॅसिनोंना परवाने मिळाले आणि वाटाड्यांवर बंदी आली. पहिल्या तारखेपासून क्लाइव्हचा हिस्सा शून्य झाला. जुनी कामं मिटेपर्यंत कॅसिनो कंपनीनं त्याच्या गिऱ्हाइकांची यादी महिनाभर उघडी ठेवली, आणि कायद्याच्या धाकानं असेल, तीत एक नवा रकाना घातला: गाव. नावं आधीही नव्हती, आताही नव्हती. क्लाइव्हची गिऱ्हाइकं म्हणजे नुसते आकडे, आणि आकडा हरला तर कुणाला वाईट वाटत नाही. नव्या रकान्यात ऑकलंड होतं, ड्यूनेडिन होतं. ४४१७ पुढे ओपुनाके होतं, क्लाइव्हचं स्वतःचं गाव.

तीन वर्षं, दर गुरुवारी, दोन ते चार. हरलेले डॉलर एवढे, की एक चांगली सेकंडहँड गाडी आली असती. म्हणजे दुकानात, किनाऱ्यावर, कुणाच्या तरी मयतीला भेटणारं एक माणूस आपण दाखवलेल्या वाटेनं बुडत होतं. यादी बंद व्हायच्या आत ते सापडलं नाही, तर ते हरत राहणार आणि वर आपल्याला रोज 'काय, बरंय ना?' म्हणणार.

त्या दिवसापासून क्लाइव्हला गावात निरपराध माणूस दिसेना. गॅरेजवाला वायरेमू तर खासच. गेल्या गुरुवारी बरोब्बर सव्वादोनला क्लाइव्ह गाडी घेऊन त्याच्या दारात उभा राहिला होता.

"काय बिघडलंय?" वायरेमूनं विचारलं.

"आवाज येतो."

"कुठून?"

"मधूनमधून."

वायरेमूनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं. "मागच्या गुरुवारी पण हेच म्हणालास. गाडी ठणठणीत आहे. तुझंच एखादं चाक निखळलंय बघ, भावा."

त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ग्रीस होतं. अशा हातांनी कोणी फोनच्या पडद्याला बोट लावत नाही. वायरेमू सुटला. बेकरीवाली सुटली, वाचनालयातली बाई सुटली. आणि मग, ज्या घरात क्लाइव्ह इतकी वर्षं बिनघोर जेवत होता, त्या घराचा नंबर लागला.

"रेविन, गुरुवारी दुपारी तू काय करतेस?"

रेविननं बादली खाली ठेवली. "तू काय करतोस ते आधी सांग. दोन आठवडे बघतेय. दोन वाजले की मागच्या खोलीत जातोस, मग तोंड पाडून बाहेर येतोस आणि गाडी काढतोस. कोण आहे ती?"

"कोण ती?"

"तेच विचारतेय."

क्लाइव्हनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रेविन टोमॅटो पुसून खिडकीत मांडत राहिली. कच्चे डावीकडे, पिकलेले उजवीकडे.

"म्हणजे तुला वाटलं, मी?"

"वाटलं नाही. वगळत होतो."

"आभारी आहे." तिनं एक टोमॅटो डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला. "तुझ्या आईला विचार जा. गावात कोण काय करतं, नोएलीनला सगळं ठाऊक असतं."

"आता कुठे? गुरुवारी ती गावच्या हॉलवर हाउजीचे आकडे खोडत असते. दोन ते चार."

रेविनचा हात थांबला. "हॉलचं छप्पर गळायला लागलं तेव्हापासून हाउजी बंद आहे, क्लाइव्ह. तीन वर्षं झाली. तुला बोलली नाही ती?"

क्लाइव्ह गाडीची किल्ली न घेताच निघाला, चालत.

नोएलीन टिपेट, वय वर्षं ब्याऐंशी, नगरपालिकेनं म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी तिसऱ्या घरात राहत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मांडीवर पाव कापायची फळी, फळीवर टॅब्लेट, आणि टॅब्लेटमध्ये जुगाराच्या चक्रांवर सोनेरी पिरॅमिड गरगर फिरत होते.

"बूट पुसून ये," वर न बघता ती म्हणाली.

क्लाइव्ह बूट पुसून आला आणि तिच्यासमोर बसला.

"आई, हे कधीपासून?"

"तू ह्याला साडेचार तारे दिलेस तेव्हापासून."

"मी हा खेळ कधी खेळलेलो नाही."

"मग तारे कशाचे?"

या प्रश्नावर क्लाइव्हनं आजवर काही लिहिलेलं नव्हतं.

"पेपर बंद पडला तेव्हा तुला टायरांसाठी पैसे दिले," नोएलीन म्हणाली. "पाकीट न फोडता टपालानं परत केलंस. थेट तुझ्या बापावर गेलायस. मग तुझ्या त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वाचलं, की लिंकवरून आलेलं माणूस हरलं तर लिहिणाऱ्याला वाटा मिळतो. म्हटलं, हे बरं आहे. आता कुठे परत पाठवशील?"

"शंभरातले सदुसष्ट त्यांच्या घशात जात होते, आई."

"पाठवणावळ पडतेच."

दर शुक्रवारी खात्यात पडणाऱ्या त्या तेहतीस डॉलरांकडे बघून क्लाइव्हची मान ताठ व्हायची: आपण कुणाच्या उपकारात नाही.

"आता थांब," तो म्हणाला. "पहिल्या तारखेपासून मला त्यातला एक सेंट मिळत नाही. कायदा झालाय."

"माहीत आहे. रेडिओवर सांगितलं."

पिरॅमिड थांबले. काही जुळलं नव्हतं. नोएलीननं पुन्हा बोट टेकवलं आणि ते पुन्हा फिरू लागले.

"त्यानंतर दोन गुरुवार होऊन गेले, आई."

"हा तिसरा." तिची नजर हलली नाही. "त्यांचं पत्रही आलं. नव्या नियमाप्रमाणे खेळणाऱ्यानं आपली मर्यादा ठरवायची. फॉर्मवर आधीच दोनशे लिहिलेलं होतं. मी आपली इतकी वर्षं शंभरावर थांबत होते. दोनशेपर्यंत चालतं, हे मला कोण सांगणार?"

क्लाइव्हनं हात पुढे केला. "दे इकडे."

नोएलीननं आपल्या मुलाला जन्मात कशाला नाही म्हटलं नव्हतं. आताही म्हटलं नाही. तिनं फळी अलगद उचलली आणि त्याचा हात पोचणार नाही अशा बेतानं दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"चहा टाक," ती म्हणाली. "आणि उठतोच आहेस तर तो पडदा ओढून घे. उजेडात नीट दिसत नाही."