खिशात बसेल असा चाकू

गोदामात त्याला सगळे ‘पट्टी’ म्हणत, कारण खोक्यावरची चिकटपट्टी तो आखून घेतल्यासारखी सरळ कापायचा. दिवसाला शंभरेक खोकी हाताखालून जायची, पण वीस वर्षांत आतल्या मालाला त्याने एकदाही ओरखडा पाडला नव्हता. पडली ती भोकं, आणि तीही त्याच्याच पँटींना. जुना घडीचा चाकू वजनदार होता, कोपरे टोकदार. उजवा खिसा दोन-तीन महिन्यांत कामातून जायचा.

यंदाचा पाचवा खिसा शिवून झाल्यावर बायकोने सुई डबीत ठेवली.

“आता एक तर चाकू बदला, नाही तर बायको.”

पट्टीने क्षणभर विचार केला. तो विचार करतोय हे तिला दिसलं. रविवारी हत्यारांच्या दुकानात जाताना ती चार पावलं पुढेच चालत होती.

दुकानदाराने सात चाकू मांडले आणि पोलादाचं पुराण लावलं. हे पातं गंजत नाही, ह्याची धार वर्षभर टिकते, हा एका हाताने उघडतो.

“ते राहू द्या,” बायको म्हणाली. “हा खिशात ठेवून ह्यांना बसता येईल का?”

दुकानदाराला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

मग पट्टी एकेक चाकू खिशात घालून बसला, उठला, बुटाची नाडी बांधायला वाकला, दुकानाच्या तीन पायऱ्या चढला-उतरला. पहिला मांडीत रुतला. दुसऱ्याने पँट एका बाजूला ओढली. तिसऱ्याच्या क्लिपने बोटं सोलवटली. चौथा बसताक्षणी आडवा झाला. स्क्रू घ्यायला आलेले एक आजोबा स्क्रू विसरून बघत उभे होते.

“पाचव्यात जरा मोकळे वाटलात,” ते म्हणाले.

सहावा हातात घेताच बायकोने नकारार्थी मान हलवली. सातवा चपटा, हलका, कडा गोल केलेला.

“काय वाटतंय?” तिने विचारलं.

“काहीच वाटत नाही.”

“हाच द्या,” ती दुकानदाराला म्हणाली.

सोमवारी अकरा वाजता पट्टीने घरी फोन केला. “अगं, चाकू घरी राहिला का बघ.”

“खिसा चाचपा.”

चाचपला. होता. दीड वाजता त्याने पुन्हा फोन केला, साडेतीनला पुन्हा. जुना टोचायचा, पण निदान आहे हे तरी कळायचं. मंगळवारी तो सारखा खिसा चाचपतोय हे बघून मुकादमाने त्याला बाजूला घेतलं.

“खाज सुटलीय का रे तुला?”

“नाही साहेब, चाकू आहे.”

“मग?”

“जाणवत नाही.”

मुकादम पुढच्या खोक्यांकडे निघून गेला.

बुधवारी दोनच फोन झाले. गुरुवारी त्याने फोन केला नाही. साडेतीनला तिचाच आला.

“काय हो, आज सापडला वाटतं?”

“आता जाणवतो.”

“टोचतोय?”

“छे गं. नुसता आहे.”

“बरं,” ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. मग मुकादम येताना दिसला, तेव्हा कुठे त्याने ठेवला.