दारामागची खुर्ची

नाटक सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, टेलरबाई बसल्या जागी दचकल्या. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नटांनी एक दार उभं केलं होतं. त्याला बाहेरून कुलूप, आणि मागं खुर्चीत बसलेली म्हातारी. सून कुलूप लावून कामावर गेलेली.

"अगं बाई! माझंच घर आणून उभं केलं की मेल्यांनी!" टेलरबाई मनातल्या मनात म्हणाल्या.

आता खरं सांगायचं तर टेलरबाई काही कजाग सून नव्हत्या. सासूबाईंना हल्ली काही आठवत नसे. एकदा अनवाणी निघाल्या त्या भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध सापडल्या. तेव्हापासून शिवणाच्या दुकानात जाताना टेलरबाई बाहेरून कुलूप घालत. परगावी नोकरी करणाऱ्या नवऱ्याला त्यांनी हे कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर त्यानं आईला सरळ वृद्धाश्रमात नेऊन सोडलं असतं, आणि म्हातारीवाचून टेलरबाईंना करमलं नसतं. भांडायला तरी कोण होतं घरात दुसरं?

मग चुगली केली कुणी? ही नाटकवाली मंडळी नाटकासाठी गोष्टी गोळा करायला आठवडाभर घरोघर गप्पा मारत फिरत होती. टेलरबाईंनी एकेका शेजाऱ्याकडे बघून घेतलं. वरचे मास्तर? छे, त्यांना स्वतःच्या चष्म्याचा पत्ता नसतो. मग नजर गेली समोरच्या घरात राहणाऱ्या नर्सबाईंकडे. त्या चक्क डोळे पुसत होत्या.

'सापडली! आधी कागाळ्या करायच्या आणि वर रडायचं!' टेलरबाईंचं डोकं सणकलं.

या मंडळींची एक तऱ्हा होती. बघणाऱ्यांपैकी कुणीही 'थांबा' म्हणायचं आणि नटाला उठवून स्वतः त्या जागी बसायचं. नर्सबाई म्हणाल्या, "थांबा." आणि जाऊन बसल्या दारामागच्या खुर्चीत.

"काय करावंसं वाटतंय?" दिग्दर्शकानं विचारलं.

"काही नाही," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कान देऊन बसावंसं वाटतंय. कुलूप कधी उघडतंय म्हणून."

टेलरबाईंचा हात आपोआप पर्समधल्या किल्लीकडे गेला. किल्ली नव्हती! पर्स उलटीपालटी केली. घाईघाईत खाली येताना कुलूप कडीलाच लटकत राहिलं की काय? त्या ताडकन उठल्या आणि जिन्याकडे धावल्या. मागून पावलं वाजली. नर्सबाईच होत्या.

"तुम्ही कशाला येताय मागं? एवढं केलंत ते पुरे नाही का?"

"मी केलं?" नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. "माझ्या वडलांना कोंडून मी ड्यूटीला जाते, हे तुम्हीच सांगितलंत ना नाटकवाल्यांना? दारासमोर दार आहे, दुसऱ्या कुणाला कळणार?"

टेलरबाई पायरीवरच थबकल्या. समोरच्या दाराआड म्हातारा माणूस राहतो, हे त्या पार विसरून गेल्या होत्या. किती दिवसांत त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं!

"मी कुणाला काही बोलले नाही हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हीच माझं सांगितलंत. मीही आईंना कोंडूनच जाते."

म्हणजे चुगली दोघींपैकी कुणीच केली नव्हती. मग टेलरबाईंना किल्ली आठवली आणि त्या उरलेला जिना धावत चढल्या. कुलूप कडीला उघडंच लटकत होतं, किल्ली त्यातच. दार नुसतं लोटलेलं. रस्ता, गाड्या, सगळं डोळ्यांपुढं आलं.

दार ढकललं, तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या. जागच्या हललेल्यासुद्धा नव्हत्या.

"आई! आहात ना घरात?" टेलरबाईंना रडूच फुटलं.

"म्हणजे? तूही घरातच आहेस की," सासूबाई फुरंगटून म्हणाल्या. "आज कुलूप वाजलं नाही, म्हणजे तू गेली नाहीस. मगापासून बोलतेय तुझ्याशी. एका शब्दानं उत्तर देशील तर शपथ! रागावलीस का गं माझ्यावर?"

टेलरबाईंनी खाली बसून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

दारात उभ्या असलेल्या नर्सबाई आपल्या दाराकडे वळल्या. थोड्या वेळानं समोरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि लगेच आतून म्हाताऱ्याची हाक आली, "आलीस का गं?"