फ्रीजमधली कार्डं

चैतालीनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. तपासायला बाटलीत ठेवलेल्या कार्डावर माश्या निघाल्या होत्या, पण उडायला एकही तयार नव्हती. राईच्या दाण्याहून बारीक जीव, एरवी झाकण काढलं की उजेडाकडं पळणारे. आज काचेवर नुसते सरपटत होते. पंख चुरगळलेले. निम्म्या तर अंड्यांतून बाहेरच आल्या नव्हत्या.

"काय गं, निघाल्या का?" सासरे, श्रीपती, दारातून विचारत होते. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं.

"निघाल्यात, मामा," ती कशीबशी म्हणाली.

लोहाऱ्याच्या आसपास तुरीत फवारावं तर श्रीपतीनंच, असं लोक म्हणायचे. पण तूर डोक्याच्या वर जाते. नळी उंच धरली की औषध तोंडावर येतं. गेल्या साली गावातल्या चन्नबसप्पांच्या रानात ते फवारता फवारता कोसळले. ओकून ओकून अर्धे झाले. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पंप पाठीला लावला तर माणूस हाती लागायचा नाही. तेव्हा चैतालीनं प्रशिक्षण घेऊन घरातच हा खटाटोप मांडला. कार्डावर पतंगाची अंडी चिकटवायची, त्यांत ही माशी वाढवायची, आणि कार्ड शेतात टाचायचं. माशी अळीची अंडी शोधून जागीच नासवते. अळीच झाली नाही, तर पंप हवा कशाला?

यंदा फवारणीऐवजी कार्डं लावायला चन्नबसप्पांनी होकार दिला. मग लेकीची सोयरीक निघाली, मग पाहुणे आले. "आज न्हाय, सोमवारी." सोमवार येत गेले. माश्या आधीच निघू नयेत म्हणून चैतालीनं कार्डं फ्रीजमध्ये ठेवली. गारठ्यात हा जीव थांबतो, पण फार थांबवला की अधू होतो. तिला ठाऊक होतं हो, चांगलं ठाऊक होतं! पण नवी कार्डं करायला घ्यावीत आणि चन्नबसप्पा दारात उभे राहावेत, तर? अजून थोडं, अजून थोडं करत तिनं आपल्याच हातानं घाण केली होती.

बाहेर मोटारसायकल थांबली. चन्नबसप्पाच.

"दे गं कार्डं. तुरीत पतंग भिरभिरायलेत."

कार्डं तर नव्यासारखीच दिसत होती. दिली असती तर कुणाला काय कळलं असतं? आजचा दिवस निभला असता. पुढं शेंगा पोखरल्या गेल्या असत्या, आणि मग पंपच पंप.

"नेऊ नका, अण्णा. लई दिवस गारठ्यात राहिली. माश्या अधू झाल्यात. चूक माजी हाय."

चन्नबसप्पांनी पुढं केलेला हात मागं घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नवी करते की. थोडं थांबा."

"अळी थांबती व्हय?" ते श्रीपतींकडं वळले. "श्रीपती, फवारायला आजच यावं लागतंय बघ."

"अण्णा, मामांना नको! डॉक्टरांनी..."

"मग दुसरा बघतो."

"दुसरा कशाला?" श्रीपती उठले. "पोरं उघड्या तोंडानं फवारत्यात. मरतील. येतो म्या."

चन्नबसप्पा गेल्यावर चैताली दारात आडवी उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी थांबेना. "मामा, पाया पडते. जमत न्हाय म्हणा."

"जमतंय की मला," ते म्हणाले. "तू खरं बोललीस. आता मला खोटं बोलाय लावू नको."

मग तिनंच फडकं ओलं केलं, त्यांच्या नाकातोंडावर घट्ट बांधलं, आणि पाण्याची घागर घेऊन त्यांच्या मागं गेली.

"या औषधानं तुजी माशी बी मरती का?" वाटेत त्यांनी विचारलं.

"मरती, मामा."

ते पंपाचा पट्टा खांद्यावर ओढून चन्नबसप्पांच्या तुरीत शिरले.

ती बांधावर बसून राहिली. तुरीतून त्यांचा खोकला ऐकू आला की दचकून उभी राहायची. तुरीत हलणारी नळी दिसली की पुन्हा बसायची. उन्हं कलली तसे श्रीपती बांधालगतच्या शेवटच्या ओळीपाशी आले. तिथं त्यांनी पंपाचा दांडा सोडून दिला.

"ही वळ तुज्या नव्या माश्यांला ऱ्हाऊ दे," ते फडक्याआडून म्हणाले.

आणि नळी खाली धरून, भरला पंप पाठीवर घेऊन, ते त्या कोरड्या ओळीतून खोकत खोकत चालत गेले.