नुसते ओठ हलवायचे

मुख्य परिचारिकेची जागा घेतली तर खात्रीबाईच्या पदरात काय पडणार होतं? रात्रपाळीतून कायमची सुटका, दुखऱ्या गुडघ्यांना खुर्ची आणि म्हाताऱ्या वडिलांबरोबर रोजचं संध्याकाळचं जेवण. द्यायचं काय, तर सकाळी पाळी बदलताना वॉर्डातल्या सगळ्यांपुढे उभं राहून दोन ओळींची प्रार्थना म्हणायची. सौदा स्वस्तच म्हणायचा.

“मला नाही जमणार, मॅडम,” ती म्हणाली.

औषध देण्याआधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचते म्हणून तिला खात्रीबाई म्हणत. सध्या त्या जागेवर असलेल्या मेट्रन निवृत्तीला टेकल्या होत्या. वादाची हौस त्यांना उरली नव्हती.

“म्हणजे देव नाही असं तुझं म्हणणं?”

“मला पटलेला नाही, एवढंच म्हणणं. नाहीच म्हणून छातीठोक सांगायला मी काय सगळीकडे बघून आलेय?”

“मग नुसते ओठ हलव. निम्म्याजणी तेच करतात.”

“त्यांचं त्या बघतील. प्रार्थनेला मी ओठ हलवले, आणि लगेच ‘आठ नंबरचं रक्त थांबलंय’ म्हणून सांगितलं, तर तेही नुसतं ओठ हलवणंच नसेल कशावरून?”

“अगं, पण काहीतरी मानत असशीलच ना?”

“मानते की. पडून असलेल्या माणसाला वेळेवर कुशीवर वळवायचं. मी नाही वळवलं तर वरून कुणी येऊन वळवणार नाही.”

मेट्रनना हसू आलं. “उद्या सकाळी सांग,” त्या म्हणाल्या.

घरी वडिलांनी या जागेसाठी देवाला साकडं घातलं होतं. तिने त्यांना प्रार्थनेची अट सांगितली.

“बाबा, ज्याच्याकडे मागताय, त्याचंच नाव आडवं आलंय.”

ते हसले नाहीत. “दोन ओळी म्हणालीस तर काय बिघडतं गं? एकट्याला घास उतरत नाही मला.”

हे मात्र तिला लागलं. त्या आठवड्यात तिची दिवसपाळी होती; सकाळी कामावर जाताना ‘हो’ तिच्या जिभेच्या टोकावर होतं.

वॉर्डात शिरताच आठ नंबरच्या आजोबांनी तिचा हात धरला. त्यांना पुन्हा ऑपरेशनला न्यायचं होतं. “सिस्टर, माझ्यासाठी देवाशी दोन शब्द बोला हो.”

“मला येत नाही, आजोबा. तुमच्या लेकीला आत घेते, ती बोलेल. मी हात धरून थांबते.”

लेक आली, डोळे मिटून पुटपुटू लागली. खात्रीबाई उभी राहिली, डोळे उघडे, नजर सलाइनच्या थेंबांवर. आजोबांची पकड हळूहळू सैल झाली.

मेट्रन दारातून बघत होत्या. “थांबलीस ना प्रार्थनेला?”

“थांबले. म्हटली नाही. आणि त्यांचं काही अडलं नाही.” जिभेवरचं ‘हो’ तिने गिळलं. “ती जागा दुसरीला द्या, मॅडम.”

जागा गोड गळ्याच्या एका धाकट्या सिस्टरला मिळाली. वॉर्डाला सुरेल प्रार्थना मिळाली, मेट्रनना बिनतक्रार निरोप मिळाला, खात्रीबाईकडे तिचा शब्द राहिला; गुडघे दुखत राहिले, पण ते ती धरूनच चालली होती. वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. ती रात्रपाळीला निघाली की ते दारापर्यंत येत, “जपून जा” म्हणत आणि आत जाऊन एकट्यापुरतं वाढून घेत. लेकीच्या न मानण्याची किंमत घरातल्या एकुलत्या एक भाविकानेच मोजली, आणि तीही रोज.