नबुखद्नेस्सराचे पाय

"सोन्याचं डोकं कोण?" वहबा उपदेशक ओरडला.

"बाबेल!" चर्चचं अंगण गरजलं.

"चांदीची छाती?"

"पारस!"

"पितळेचं पोट?"

"ग्रीस!"

"लोखंडाच्या तंगड्या?"

"रोम!"

जगभरची मोठी लढाई संपून दोन वर्षं झाली होती. त्या काळी असियूत शहराजवळच्या या खेड्यात रेडिओ नव्हता. जगाची खबर उपदेशकच आणत, आणि हवी तशी आणत. दानीएलाच्या पुस्तकातला, नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातला पुतळा वहबाने पुरुषभर उंच घडवून आणला होता. अंग रंगवलेल्या पत्र्याचं, पाय तेवढे मातीचे, आतून पोकळ. पायांची दहा बोटं म्हणजे आजची दहा राज्यं. करंगळी नेहमी पाणीपट्टी वसूल करणाऱ्या सरकारची असे, त्यामुळे टाळ्या हमखास.

"आज माणसाचा हात न लागता हे पाय फुटतील! फुटले, की समजा, कापणीआधी सगळी राज्यं खलास!"

सकाळीच त्याने घोट्यांतल्या भोकांतून यार्देन नदीचं 'पवित्र पाणी' ओतलं, भोकं चिखलाने लिंपली आणि प्रवचन सुरू केलं. ते काही संपेना.

मागच्या रांगेत एस्तीर जीव मुठीत धरून बसली होती. तिच्या लेकीची, फिर्यालची, असियूतच्या नर्सिंग शाळेत निवड झाली होती. शनिवारी हजर व्हायचं होतं. पण नवरा गुब्रियाल अडून बसलेला. "जगच बुडणार, तर सुया टोचायला शिकून काय करायचंय? पाय फुटले तर पोरगी घरीच."

"आणि नाही फुटले तर, अहो?"

"तर पाठवतो. झालं?"

दुपार कलली आणि कर्रर्र आवाज झाला. डावा पाय फुटला, मग उजवा. पुतळा तोंडावर आपटला. माणसं जमिनीला कपाळ टेकून रडू लागली. एस्तीरनेही टेकलं, आणि तिच्या नाकासमोर घरंगळत आला एक हरभरा. चांगला टरारून फुगलेला.

मांस-दूध वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांत रोज हरभरे भिजवणारी बाई ती. उचलून उभीच राहिली.

"गुरुजी, नबुखद्नेस्सराचाही उपास होता का?"

"गप्प बस, बाई! देवाच्या खुणेत तोंड घालू नकोस!"

"नाही घालत. खुणेला अजून मीठ लागलेलं नाही."

चार जण फिसकन हसले. गुब्रियाल मात्र म्हणाला, "पडला असेल कुणाच्या खिशातून."

"बरं. उद्या आपल्या अंगणात बसा."

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव जमलं. एस्तीरने अर्धवट भाजलेल्या मडक्यात कोरडे हरभरे ठासून भरले, विहिरीचं पाणी ओतलं, तोंड चिखलाने लिंपलं आणि कांदे सोलत बसली. वहबाला बोलावणं धाडलं, तर तो पहाटेच्या गाडीने गेलेला. "यार्देनवर पाणी भरायला गेला असेल," कुणीतरी म्हणालं.

दुपारी मडकं तडकलं. प्रवचन एवढं लांब का होतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. हरभऱ्याला भिजायला वेळ लागतो. भक्तांना लागत नाही.

गावचे म्हातारे पाद्री पुढे झाले. "राज्यं पडतील असं दानीएलाने लिहिलंय. लेकींना घरी बसवा, हे कुठल्या अध्यायात आहे रे, गुब्रियाल?"

शनिवारी गुब्रियालनेच फिर्यालची ट्रंक गाढवावर चढवली.

बाबेल पडलं, रोम पडलं, पुढचीही पडतील. धर्मग्रंथ जरूर वाचा. पण अर्थ सांगणारा तारीख सांगू लागला, की त्याच्याकडे पुरावा मागा. आणि तो शोधून आणेपर्यंत लेकीला शाळेत पोचवून या.